वेळेचा सरवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. (आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना 'सलाम' म्हणतो, पण तुम्हाला नमस्कारच बरा.)

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात वेळेच्या नियोजनावर पानभर लेख आला होता. पहाटे पाचला उठा, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा, कुठला तुकडा कशात गेला ते रात्री लिहून काढा. सोबत चौकटींचा रंगीत तक्ता. तो माझ्या मुलाने कापून फ्रिजवर लावला. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे, जाण्यायेण्यातच रोजचे अडीच तास जातात, त्यामुळे उरलेल्या वेळेबाबत तो फार हळवा झालाय. दूध काढायला गेले की मला तो तक्ता दिसतो. महिनाभर बघतेय, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. पत्र लांबणार आहे, हे आधीच सांगते. कापायचं तर मधलं कापा, शेवटचं नको.

लेखाशी माझं भांडण नाही. मी ३५ वर्षं नर्स होते. घड्याळावाचून आमचं पान हलत नाही. आठची ड्यूटी म्हणजे पावणेआठला वॉर्डात हजर, कारण आपण ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेतल्याशिवाय आधीच्या पाळीची बाई घरी जाऊ शकत नाही. आपल्याला दहा मिनिटं उशीर झाला की तिकडे तिच्या पोराची शाळेची रिक्षा चुकते. तेव्हा आळशी लोकांची वकिली करायला मी बसलेली नाही. मला खटकलं ते एवढंच की त्या तक्त्यात एकही घर रिकामं नव्हतं. व्यायामाला घर होतं, ध्यानाला होतं, 'कुटुंबासोबत दर्जेदार वेळ' यालाही अर्धा तास होता. पण त्या अर्ध्या तासात कुणी दार वाजवलं तर त्याला कुठल्या घरात बसवायचं?

१९८४ सालची गोष्ट सांगते. स्टाफ म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. बायकांचा मेडिकल वॉर्ड, ३२ खाटा, रात्रपाळीला मी आणि एक मावशी. पहाटे चारला धावपळ सुरू व्हायची. ताप, नाडी, श्वास घ्यायचे आणि चार्टवर चढवायचे, इंजेक्शनं, रक्ताचे नमुने, सहाच्या गोळ्या, आणि सकाळी इन्चार्ज सिस्टर यायच्या आत सगळ्या चादरी ताठ. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची असते. आम्ही पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचो. पुढे पुढे मी तेही सोडलं. ताप खरा घ्यायचे, कारण ताप लपत नाही. नाडी मात्र तोंडाकडे बघून लिहायचे. ७२, ७६, ७४, ८०. सगळीकडे एकच आकडा लिहिला तर पकडले जाऊ, म्हणून थोडे मागेपुढे. माझे चार्ट इतके देखणे असायचे की एकदा मेट्रननेही कौतुक केलं होतं. एवढं काम एवढ्या वेळात उरकते म्हणजे मी हुशारच, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

१९ नंबरला जुन्नरकडची एक आजी होती. हृदयाचं दुखणं, पायांना सूज, डिगॉक्सिनची गोळी चालू. ही गोळी देण्याआधी नाडी पूर्ण मिनिटभर बघायची, साठच्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, आणि दिली तर पेशंटने गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, हे आमच्याकडून पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं. मी गोळी तळहातावर ठेवायचे आणि २० नंबरकडे वळायचे. आजी म्हणायची, "बाई, वाईच बस की." मी म्हणायचे, "आले हं, आजी." तीन रात्री ती म्हणाली आणि तीन रात्री मी 'आले हं' म्हटलं.

चौथ्या सकाळी मी ओव्हर देत असताना इन्चार्ज सिस्टर १९ नंबरपाशी थांबल्या. त्यांनी आजीचं मनगट धरलं आणि छातीवर पिन केलेल्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. ओठ तेवढे हलत होते. मिनिट झालं तरी हात सोडला नाही. (आता त्या श्वास मोजत होत्या. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून तो नाडीच्या बहाण्याने मोजायचा.) मग त्यांनी चार्ट मागितला. चार्टवर माझ्या अक्षरात ७६. सिस्टरांच्या बोटाखाली ११० च्या वर, तेही एक ठोका जवळ, एक लांब. "आजी, गोळी घेता ना?" आजीने पदराची गाठ सोडली. आत कागदाच्या चिटोऱ्यात नीट गुंडाळलेल्या तीन बारक्या पांढऱ्या गोळ्या. "घरी म्हातारा हाय, त्यालाबी धाप लागती. त्याला द्याव्या का, ह्ये इचारायचं व्हतं या बाईला. पर तिला येळ न्हाई."

ही गोळी भलत्याच्या पोटात गेली तर काय होतं, हे वाचकांतल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. इतरांना एवढंच सांगते की आजही ती गाठ आठवली की माझी बोटं गार पडतात.

सिस्टर रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला ड्यूटी संपल्यावर थांबवलं, हातात एक स्टूल दिलं आणि म्हणाल्या, एक नंबरपासून बत्तीसपर्यंत बसून मिनिटभर नाडी घे. बसून म्हटलंय, उभ्याने नाही. मला दोन तास लागले. ३२ मिनिटांच्या कामाला दोन तास का, तर मनगट धरून कुणी गप्प बसलं की बाई बोलायला लागते. चारने गुणणाऱ्या नर्सशी कोण बोलणार? ७ नंबरच्या बाईला लघवीला जळजळत होतं, पण डॉक्टर पुरुष म्हणून चार दिवस बोलली नव्हती. २३ नंबरचं तान्हं घरी होतं आणि तिची छाती दुधाने दगड झाली होती. १९ नंबरची आजी म्हणाली, "आज बसलीस व्हय!" एवढंच म्हणाली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. यातलं काहीही चार्टवर नव्हतं.

सरवा हा शब्द नव्या पुणेकरांना कदाचित सांगावा लागेल. पीक कापून नेल्यावर रानात जी कणसं, जे दाणे राहतात तो सरवा. माझी आजी नेवासा तालुक्यातली, नगर जिल्हा, आताचं अहिल्यानगर. ज्वारी निघाली की ती आणि आमची मोठी आत्या लोकांच्या रानात सरवा वेचायला जायच्या. आजी सांगायची की माणूस ओळखायचा तर त्याचं कापलेलं रान बघावं. कंजूष मालक स्वतःची पोरं लावून दुसऱ्यांदा रान झाडून घ्यायचा. चांगला मालक मागे वळून बघायचाच नाही. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, लेवीयच्या १९व्या अध्यायात याचा नियमच घालून दिलाय: शेताच्या कानाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. रूथ नावाची परक्या मुलखातली विधवा अशाच सरव्यावर सासूला जगवते, आणि शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं ओढून टाकत चला. आजीला वाचता येत नव्हतं, पण देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) रूथची गोष्ट निघाली की ती पदर सावरून ताठ बसायची.

फ्रिजवरचा तक्ता बघताना मला आजीने सांगितलेलं ते झाडून नेलेलं रान आठवतं.

आमच्या उपासनेत, विशेषतः नव्या वर्षाच्या, एक वचन हमखास निघतं. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातलं, 'वेळेचा सदुपयोग करा, कारण दिवस वाईट आहेत.' लहानपणी मला ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटायचं. मग एका जुन्या पाळकांनी शास्त्रपाठात सांगितलं की मूळ ग्रीकमधलं क्रियापद बाजारातलं आहे. पैसे मोजून सोडवून आणणं, असा त्याचा अर्थ. आणि 'वेळ' म्हणून जो शब्द आलाय, कैरॉस, त्यात घड्याळाच्या तासापेक्षा नेमक्या घडीचा, संधीचा भाव आहे. तेव्हापासून हे वचन ऐकलं की मला सराफाचं दुकान दिसतं. आईच्या पाटल्या दर जूनमध्ये गहाण पडायच्या, आमच्या वह्यापुस्तकांसाठी, आणि नाताळाच्या आधी वडील त्या सोडवून आणायचे. कुठल्या वर्षी एकच सुटायची. तर वेळ सोडवून आणायचा म्हणजे आधी तो कुठे गहाण पडलाय ते बघायला हवं.

बघितलं. मुलाने मला फोनमध्ये दाखवलं, रोज किती वेळ स्क्रीनवर जातो ते. माझे ३ तास १२ मिनिटं निघाले. मी त्याला म्हटलं, त्यात वचनं पाठवण्याचा वेळ पण आहे. तो हसला. आता हसण्यासारखंच आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, चार ग्रुपवर पहाटे पाचपासून सूर्योदयाची चित्रं आणि त्यावर स्तोत्रांच्या ओळी येऊन पडतात, मीही पाठवते. एका बाईंना मी वर्षभर रोज 'प्रभू तुमच्याबरोबर असो' पाठवत होते, त्या माझ्या घरापासून सात मिनिटांवर राहतात, आणि त्यांचा गुडघा बदलला हे मला दुसऱ्याकडून कळलं.

मंडळीचंही थोडं बोलते, म्हणूनच खाली नाव घातलेलं नाही. उपासना नऊची असते, सुरू सव्वानऊनंतर होते. सूचना वीस मिनिटं चालतात. वार्षिक सभेत मागे नव्या माइकवर अडीच तास वाद झाला, तो जुन्या माइकवर झाला. पुण्याच्या पाण्यातच हे असावं. मी राहते त्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनमध्ये १८९० साली रानडे, टिळक आणि बाकी मंडळी चहाला गेली, तर ख्रिस्त्यांच्या हातच्या त्या एका कपावरून हे शहर ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला) आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं, महिनोन्‌महिने. चहा बिचारा पाच मिनिटांत संपला असेल.

येशूच्या दिवसाचा तक्ता करायला घेतला तर तो त्या लेखकाला अजिबात आवडणार नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येतो, त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकलेली. येशू निघतो. वाटेत गर्दीत एक बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते. तिला बारा वर्षं रक्तस्राव होतोय, वैद्यांवर सगळे पैसे घालवून झालेत आणि दुखणं वाढतच गेलंय, असं मार्क लिहितो. (लूक स्वतः वैद्य होता म्हणतात. त्याने वैद्यांबद्दलचं हे वाढीव वाक्य काही लिहिलेलं नाही!) येशू थांबतो. कोण शिवलं विचारतो. शिष्य वैतागतात, एवढ्या गर्दीत कोण शिवलं काय विचारता? पण तो थांबतो, ती घाबरत पुढे येते आणि, मार्काचे शब्द आहेत, 'सर्व काही' सांगते. सगळं. बारा वर्षांचं. मी ३५ वर्षं हे नर्सच्या नजरेने वाचतेय आणि दर वेळी माझा जीव टांगणीला लागतो. आमच्या हिशेबात हे चूक आहे. जुनाट दुखणं थांबू शकतं, अत्यवस्थ मूल थांबू शकत नाही. कॅज्युअल्टीत असं केलं तर मेमो मिळेल. आणि होतंही तेच, तो तिच्याशी बोलत असतानाच निरोप येतो, मुलगी गेली. पुढे तो मुलीला उठवतो हे मला माहीत आहे, तरी याईर त्या पाच-दहा मिनिटांत काय करत उभा असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही. पाळकांच्या उपदेशात याचं उत्तर सोपं असतं. मला ते अजून सोपं वाटत नाही. पण त्या बाईसाठी थांबायला तक्त्यात घर नव्हतं आणि तरी तो थांबला, एवढं मी धरून ठेवलंय.

उलट बाजूही त्याच शास्त्रात आहे. 'दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे, रात्र येते तेव्हा कोणालाच काम करता येत नाही,' असं तोच म्हणतो. रात्रपाळीला आम्ही हे वचन एकमेकींना ऐकवून हसायचो.

दोन्ही गोष्टी एकाच बाईत बघायच्या तर पुण्याहून दौंडच्या गाडीत बसावं आणि केडगावला उतरावं. पंडिता रमाबाईंनी तिथली जमीन घेतली ती शारदा सदनाला, म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या शाळेला, उत्पन्न व्हावं म्हणून, फळबागेसाठी. १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या बायका-मुलींचे हाल त्यांच्या कानावर आले. हातात ती चालती शाळा होती, पैशांची ओढाताण होती. त्या उठून तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. बागेच्या जागेवर 'मुक्ती' हा आश्रम उभा राहिला. १८९७च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची काय अवस्था होते, याबद्दल त्यांनी मुंबईच्या एका वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं, ते थेट विलायतेत पार्लमेंटपर्यंत पोचलं. (संपादकांना पत्र लिहिणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं माझी जाऊ म्हणते, तिच्यासाठी हे लिहिलं.) आणि याच बाईंनी, ऐकू येणं जवळजवळ बंद झालेलं असताना, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं. छपाईचे खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी प्रुफं तपासणं चालू. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. म्हणजे नियोजन त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? फक्त रानाच्या कडा त्यांनी कापल्या नाहीत.

आता मुद्द्याचं, जे कापू नका असं म्हटलं ते. गेली दोन वर्षं आमच्या महिला मंडळातल्या आम्ही चौघी दर रविवारी भेटीच्या वेळेत, चार ते सहा, शहरातल्या एका रुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात जाऊन बसतो. ज्या बाईकडे कोणी आलेलं नसेल तिच्यापाशी. सुरुवातीला अकराजणींनी नावं दिली होती. पावसाळ्यात सात झाल्या, नाताळाच्या गायनाची तालीम सुरू झाली तेव्हा चार. नियम थोडेच आहेत. आधी इन्चार्ज सिस्टरला विचारायचं आणि त्या 'आज नको' म्हणाल्या तर तोंड वाकडं न करता परत यायचं. फोन पिशवीत. खाऊ न्यायचा नाही, कारण कुणाला साखर असते, कुणाचं ऑपरेशन असतं. धर्माचा विषय आपण काढायचा नाही, पत्रकं-बित्रकं अजिबात नाहीत. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याला उपदेश करणं मला तरी नर्स म्हणून असभ्यपणा वाटतो. खाटेवर न बसता स्टुलावर बसायचं. एकीपाशी बसलं की दुसरीकडे जायची घाई नाही, दोन तासांत एकच झाली तरी चालेल.

आमच्यातल्या एकीला पहिले तीन रविवार फार अवघड गेले. म्हणाली, काही घडतच नाही हो, नुसतं बसायचं. चौथ्या रविवारी एका बाईने तिच्याकडून स्वेटरचा टाका शिकून घेतला, आता ही दर वेळी लोकर घेऊन येते. गेल्या रविवारी मी ज्यांच्यापाशी होते त्या सत्तरीच्या बाई दीड तास काही बोलल्या नाहीत. सहा वाजता मी उठले तर म्हणाल्या, "तुमच्याकडं सरळ सुई हाय का? परकराची नाडी वर गेलीया." मावशीकडून सेफ्टीपिन आणली, नाडी ओवून दिली. बाहेर आले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते आणि घरी पाहुणे ताटकळत होते.

पुरुषांच्या वॉर्डासाठी आमच्याकडे कोणी नाही. एक निवृत्त ड्रायव्हर काका येतात, तेवढेच. त्यांना वाचकांतून सोबत मिळाली तर हवी आहे. ख्रिस्ती असण्याची अट नाही, देव मानण्याचीही नाही. चार ते सहा फोन पिशवीत ठेवता यायला हवा. आपल्या जवळच्या रुग्णालयात जाऊन सिस्टरना विचारलंत तरी पुरे, आमच्याकडेच यायला पाहिजे असं काही नाही. आणि लेखक महाशयांना विनंती, पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा दोन-चार घरं कोरी ठेवा. लोक विचारतील की हे छापायचं राहिलं का, तर विचारू देत.

मी घरच्या तक्त्यावर हा प्रयोग करून पाहिला. सोमवारी व्हाइटनर घेऊन शनिवार संध्याकाळचं एक घर पांढरं करून टाकलं. बुधवारी बघते तर सुनेने त्यात पेनने 'दळण' लिहून ठेवलेलं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
गुरुवार पेठ, पुणे

ता. क. नाव छापू नये. माइकवाले दोन्ही पक्ष आपला पेपर घेतात.